आधी वायर तपासा, मग हवा

वाचकांचे प्रश्न : घरातलं इंटरनेट

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. प्लॅन मोठा घेतला, पैसे वेळेवर भरतो, तरी आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो. आता कोणता राउटर घेऊ? मुंबईत घरोघरी जाऊन नेटवर्कची कामं करणं हाच माझा व्यवसाय. इमारतीच्या शाफ्टमधून वायर ओढण्यापासून आजींच्या टॅबला वाय-फाय जोडून देण्यापर्यंत सगळं करते. खरोखर नवा राउटर लागतो अशी घरं मला कमीच भेटतात. इंटरनेट तुमच्या फोनपर्यंत तीन टप्प्यांत पोचतं : कंपनीपासून तुमच्या दारापर्यंत, दारातल्या डब्यापासून राउटरपर्यंत आणि राउटरपासून हवेतून फोनपर्यंत. बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे कळेपर्यंत खिशात हात घालू नका, एवढी माझी कळकळीची विनंती. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमची जुनी इमारत पुनर्विकासात गेली आणि आता बाविसाव्या मजल्यावर राहायला आलो. कंपनी तीच, राउटर तोच, प्लॅन उलट वाढवून २०० एमबीपीएसचा केला. जुन्या घरात स्वयंपाकघरातसुद्धा फुल रेंज यायची. इथे बेडरूममध्ये स्पीड १५-२० च्या वर जात नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, लाइन ओके आहे. दुकानदार म्हणतो, आठ अँटेनांचा राउटर घ्या. घेऊ का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : थांबा, घेऊ नका. कंपनीचा माणूस बहुधा खरंच सांगतोय, आणि ते तुम्हाला घरच्या घरी पडताळता येईल. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, राउटरच्या मागे लॅन लिहिलेल्या जॅकमध्ये वायर लावा आणि स्पीड टेस्ट करा. १८०-१९० दिसले तर दारापर्यंतची लाइन चोख आहे, पुढचं सगळं दुखणं हवेतलं. लॅपटॉपला जॅकच नसेल तर राउटरपासून हातभर अंतरावर, ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर फोनने तीच टेस्ट करा, अंदाज येतो. वायरवर नेमका ९४ च्या आसपास आकडा अडकत असेल तर पुढे बोरिवलीचं पत्र आहे, ते वाचा.

तुमच्याकडे बदलल्या त्या भिंती. जुन्या इमारतीत खांब आणि बीम काँक्रीटचे, पण खोल्यांमधल्या भिंती विटांच्या, त्याही अर्ध्या विटेच्या. त्यांतून वाय-फाय थोडं क्षीण होऊन का होईना, पलीकडे जातं. मुंबईतले बरेच नवे टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओततात. साइटवर त्याला मायवान म्हणतात. त्यात स्लॅबसोबत भिंतीही काँक्रीटच्याच ओतल्या जातात आणि आत सळ्यांची जाळी असते. अगदी हॉल आणि बेडरूममधली भिंतसुद्धा. तुमची भिंत कसली आहे ते ड्रिल सांगेल : लाल भुकटी पडली तर वीट, खोलवर करडीच भुकटी पडत राहिली आणि ड्रिल जागेवर गरगरायला लागलं तर काँक्रीट.

आकड्यांत सांगते. मुलुंडमध्येच अशा एका फ्लॅटमध्ये मी सिग्नल मोजला होता. हॉलमध्ये राउटरसमोर फोनवर उणे ४८ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण). बेडरूमच्या पलंगावर, म्हणजे मध्ये एक काँक्रीटची भिंत आणि टाइल्स, पाइप, मोठा आरसा असलेलं बाथरूम, तिथे उणे ७९. फरक ३१ चा. या मापात दर १० ला ताकद दहापट घटते, म्हणजे बेडरूममध्ये पोचला तो हजाराव्या हिश्शाहूनही कमी. उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल निवांत चालतो, उणे ७५ च्या खाली गेलं की तुटायला लागतो. अँड्रॉइड फोनवर हा आकडा दाखवणारी फुकट ॲप्स आहेत. एकदा घरभर फिरून प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिहून काढा. दुकानात जाण्याआधी तो कागद हातात असू द्या.

आता आठ अँटेना. राउटरने हवेत किती ताकद सोडायची यावर कायद्याने मर्यादा आहे, अँटेना वाढवून ती ओलांडता येत नाही. शिवाय बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी तुमच्या फोनला त्याच्या छोट्याशा अँटेनातून त्याच भिंतीपलीकडे उत्तर पोचवायचं असतं, आणि फोनची ताकद वाढत नाही. जास्त अँटेना घरात पंधरा-वीस उपकरणं असतील तेव्हा कामाला येतात. काँक्रीट भेदायला त्यांचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट नक्की बघा. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डर मुख्य दारामागे, चपलांच्या कपाटाच्या वर, एक पत्र्याचा डबा देतो आणि कंपनीचा माणूस राउटर त्यातच कोंबून झाकण लावून जातो. रेडिओ पत्र्याच्या पेटीत ठेवला तर रेंज कुठून येणार? ओएनटी, म्हणजे फायबरची वायर ज्यात येते तो कंपनीचा डबा, तिथेच राहू दे, राउटर बाहेर काढा. त्या डब्यातून प्रत्येक खोलीत टीव्ही-टेलिफोनसाठी पाइप टाकलेले असतात. खोलीतल्या कोऱ्या प्लेटमागे त्यांचं तोंड सापडेल. त्यातून कॅट-६ ही नेटवर्कची वायर ओढून घ्या. राउटर हॉलमध्ये, खांद्याच्या उंचीवर, उघड्यावर. बेडरूममध्ये त्याच वायरीवर एक साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वाय-फाय देणारा डबा. दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच द्या, फोन आपोआप जवळचा निवडतो. मोठ्या राउटरपेक्षा हे बहुतेकदा स्वस्त पडतं आणि प्लॅन पुन्हा वाढवला तरी वायर बदलावी लागत नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझं वय ७४. घरात इंटरनेटचे तीन डबे आहेत : भिंतीवर पांढरा, टीव्हीखाली काळा आणि मुलाने अमेरिकेहून आणलेला, प्लगमध्ये खोचायचा छोटा. कोणता काय करतो, हे कोणी नीट सांगत नाही. बंद पडलं की सगळे एकदम बंद-चालू करतो. पूर्वी फोनच्या वायरीवर मॉडेम असायचा, तो कुठे गेला?
– एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले

उत्तर : काका, तुमच्या मॉडेमपासूनच सुरुवात करू. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते घरच्या टेलिफोनवरून यायचं. तांब्याची वायर आवाज नेण्यासाठी टाकलेली, म्हणून संगणकाची माहिती आवाजात बदलायला आणि आवाजातून परत काढायला मॉडेम लागायचा. तो किरकिर आवाज तुम्हाला आठवत असेल. पुढे एमटीएनएलचं ट्रायबँड आलं. वायर तीच, पण इंटरनेट वरच्या फ्रिक्वेन्सीवर गेल्यामुळे फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालायला लागलं.

आता तांब्याच्या जागी काचेचा धागा आहे आणि त्यातून प्रकाश येतो. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यात हिरव्या टोकाची बारीक वायर गेली असेल, तो ओएनटी. प्रकाशाचा सिग्नल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणं हे त्याचं काम. तुमच्या मॉडेमची गादी त्याच्याकडे आली आहे. काही इमारतींत मात्र फायबर फक्त गच्चीपर्यंत किंवा तळमजल्यापर्यंत येतं आणि तिथल्या स्विचमधून घरात साधी नेटवर्क वायर आणलेली असते. अशा घरी ओएनटी नसतो, वायर थेट राउटरला लागते.

काळा डबा म्हणजे राउटर. कंपनी तुमच्या घराला एकच पत्ता देते. राउटर घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला आतला वेगळा पत्ता वाटतो, जो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, आणि बाहेरून आलेली कोणती गोष्ट कोणाची याची नोंद ठेवतो. वाय-फायचा रेडिओ त्याच्याच पोटात असतो. मागच्या जॅकपैकी एक वेगळ्या रंगाचा, वॅन लिहिलेला. ओएनटीकडून किंवा गच्चीवरून येणारी वायर त्यातच लागली पाहिजे. झाडलोट करताना ती निघाली आणि चुकून शेजारच्या लॅन जॅकमध्ये गेली, तर गच्चीवरून वायर आलेल्या इमारतींत तुमचा राउटर शेजाऱ्यांच्या घरांनाही पत्ते वाटायला लागतो आणि सगळ्या मजल्याचं नेट बंद पडू शकतं. त्या जॅकवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

तुमच्या पांढऱ्या डब्यातूनही वाय-फाय येतं का, हे एकदा फोनवर बघा. हल्ली बऱ्याच ओएनटींच्या आतच राउटर असतो. मग घरात दोन राउटर होतात, दोन्ही पत्ते वाटतात. फोन एकाकडे, प्रिंटर दुसऱ्याकडे, आणि फोनला प्रिंटर सापडत नाही. काळ्या डब्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असतो, तो लावला की पत्ते वाटायचं काम एकाकडेच राहतं.

तिसरा छोटा डबा रिपीटर. राउटरचं वाय-फाय ऐकायचं आणि पुढे बोलून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे त्याच्या पलीकडे स्पीड जवळपास निम्मा होतो. लोक तो रेंज अजिबात नाही अशा खोलीत लावतात; तिथे त्यालाच ऐकू येत नाही, तर तो पुढे काय सांगणार? अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे, तिथे लावा. त्याआधी त्याच्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक. फक्त १२० असेल तर आपल्या प्लगमध्ये तो अजिबात लावू नका.

बंद पडलं की क्रम असा : आधी पांढरा सुरू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग काळा, शेवटी छोटा. पांढऱ्यावर लाल दिवा असेल तर बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही, तक्रार नोंदवा.

प्रश्न : ताई, आमची गिरगावातली चाळीची खोली. राउटर डोळ्यांसमोर, रेंज कायम फुल. तरी संध्याकाळी सात वाजता मुलीचं ऑनलाइन लेक्चर अडकायला लागतं. सकाळी मात्र काही त्रास नाही. वाय-फायच्या यादीत तीसेक नावं दिसतात, त्याचा काही संबंध असेल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आहे, आणि तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. फुल रेंज म्हणजे राउटरचा आवाज तुमच्या फोनला स्पष्ट ऐकू येतो, इतकंच. बोलायला मोकळा वेळ मिळतो का, हा वेगळा प्रश्न. वाय-फायचा नियम असा की बोलण्याआधी ऐकायचं. त्या चॅनेलवर, म्हणजे रेडिओच्या त्याच वाटेवर, दुसरं कोणी बोलत असेल तर गप्प राहायचं. सामायिक गॅलरीत तीस घरची माणसं एकाच वेळी बोलायला उभी राहिली आणि प्रत्येकाने दुसरा थांबेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर तुमच्या मुलीची पाळी कधी येणार?

वाय-फाय दोन रेडिओ पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ही गर्दी २.४ गिगाहर्ट्झवर आहे. त्या पट्ट्यात भारतात १ ते १३ अशी चॅनेल दिसतात, पण ती एकमेकांवर चढलेली आहेत. एकमेकांना धक्का न लावता चालतात ती १, ६ आणि ११. तीस राउटर आणि मोकळ्या जागा तीन. त्यातून कोणी ३ किंवा ८ निवडलं तर तो दोन्हीकडच्यांना त्रास देतो. भर म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. संध्याकाळी सात ही जेवण गरम करायची वेळ.

तुमचा राउटर ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, असेल तर उपाय सरळ आहे. ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या आणि मुलीचा लॅपटॉप फक्त त्यावर जोडा. या पट्ट्यात चॅनेल पुष्कळ. २०१८ मध्ये भारतात त्याचा मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलं जे रिकामं दिसेल ते निवडा. आणि इथे तुमची जुनी चाळ तुमच्या बाजूने उभी राहते. त्या जाडजूड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ फारसं पार जात नाही, म्हणजे शेजाऱ्यांचंही तुमच्या खोलीत येत नाही. एका खोलीच्या घराला याहून चांगली गोष्ट नाही. २.४ वर जे ठेवावंच लागेल, उदाहरणार्थ जुना टीव्ही किंवा स्मार्ट बल्ब, त्याची चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली की दोन जणांची जागा एकटा अडवतो.

एक मात्र करा. संध्याकाळी सातलाच वायर लावून स्पीड टेस्ट करा. वायरवरही स्पीड पडत असेल तर गर्दी कंपनीच्या लाइनमध्ये आहे. फायबरची एकच मुख्य लाइन स्प्लिटरमधून बत्तीस किंवा त्याहून जास्त घरांत वाटलेली असू शकते. मग चॅनेल बदलून फरक पडणार नाही. चार-पाच संध्याकाळच्या टेस्टचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. नुसतं ‘स्लो आहे’ म्हटलेल्या तक्रारीपेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते.

प्रश्न : मंडळाची मोठी मूर्ती आली त्या रात्रीपासून आमच्या ओएनटीवर लाल लाइट लुकलुकतोय. कितीदा बंद-चालू केलं. टाचणीने दाबायचं बटणही दाबून बघावं का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ते बटण दाबू नका! त्याने कंपनीने भरलेली सगळी सेटिंग पुसली जातात आणि लाइन दुरुस्त झाल्यावरही नेट सुरू होत नाही, माणूस पुन्हा बोलवावा लागतो.

लाल दिव्याशेजारी एलओएस लिहिलेलं असेल. प्रकाश तुमच्यापर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. बंद-चालू करून तो येणार नाही. उंच मूर्ती जायला रस्त्यावरच्या आडव्या तारा बांबूने वर उचलतात, हे तुम्ही गॅलरीतून बघितलंच असेल. तांब्याची वायर असा ताण सोसते. फायबरचं वरचं काळं आवरण शाबूत दिसतं, पण आतली काच कुठेतरी पिचलेली असते.

माणूस येईपर्यंत घरात दोन गोष्टी बघा. हिरवं टोक ओएनटीत पूर्ण बसलंय का? आणि वायर कुठे चेपली आहे का : खिडकीच्या सरकत्या झडपेत, कपाटाच्या मागे, दाराच्या बिजागरीपाशी? मनगटाएवढ्या गोलाईपेक्षा घट्ट वळवलेली असेल तर सैल करा. काच वळली की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. टोक उघडून आत डोकावू नका. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो आहे की नाही हे बघून कळत नाही, डोळ्याला मात्र धोका राहतो.

माणूस आला की प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा, तोही डीबीएममध्येच असतो. हा तुमचा हक्क आहे आणि चांगले तंत्रज्ञ आनंदाने दाखवतात. उणे १५ ते उणे २३ च्या दरम्यान असेल तर काम उत्तम. उणे २७ ही ओएनटीची साधारण शेवटची मर्यादा, म्हणजे एका मिलीवॉटचाही सुमारे पाचशेवा हिस्सा. उणे २६ वर दिवा हिरवा होतो, माणूस निघून जातो, आणि वायर जराशी हलली की पुन्हा लाल. सही करण्याआधी आकडा बघा. तुटलेली जागा मशीनने वितळवून जोडायला सांगा. नुसतं दाबून बसवलेलं कनेक्टर काही काळाने सरकतं. आणि पुढच्या वर्षीचा विचार करून वायर रस्ता ओलांडून आणण्याऐवजी इमारतींच्या कडेने फिरवता येते का, तेही आत्ताच विचारा.

प्रश्न : ३०० एमबीपीएसचा प्लॅन. लॅपटॉपला वायर लावूनही ९४ च्या पुढे जात नाही. राउटरच्या खोक्यावर १२०० लिहिलंय.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : ९४ हा आकडा फार बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या जॅकमधून प्रत्यक्षात तेवढंच बाहेर पडतं. तुमच्या वाटेत कुठेतरी १०० चा जॅक किंवा अर्धवट वायर आहे.

खोक्यावरचे १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, यांची बेरीज करून गोल केलेला आकडा. एका फोनला तो कधीच मिळत नाही. आणि असे १२०० लिहिलेले कित्येक स्वस्त राउटर मागे १०० चेच जॅक देतात. ही ग्राहकाची सरळ फसगत आहे असं मला वाटतं. खोक्यावर बारीक अक्षरांत १०/१०० लिहिलंय की १०/१००/१००० ते वाचा. पहिलं असेल तर राउटर बदलायला हवा; नवा राउटर घ्या असं मी मनापासून सांगते ती ही जागा.

दुसरं असेल तर वायर बघा. पारदर्शक जॅक उजेडात धरा, खटका खाली आणि सोनेरी पट्ट्या वर. डावीकडून आठ तारा अशा दिसायला हव्यात : पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. १०० च्या स्पीडला फक्त केशरी आणि हिरवी जोडी लागते. १००० ला चारही. निळी किंवा तपकिरी तार आत पुढपर्यंत पोचली नसेल तर नेट चालू राहतं, कोणाला शंकाही येत नाही, आणि स्पीड कायमचा ९४ वर बसतो. जॅक कापून नवा क्रिम्प करायला पाच मिनिटं लागतात. वायर नवीन घेणार असाल तर शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली मिळते, ती वाकवली की तुटते.

जाता जाता : डाउनलोड करताना ३७ दिसलं तर घाबरू नका. तिथे मेगाबाइट मोजतात, आणि ८ मेगाबिटचा एक मेगाबाइट होतो.

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. राउटर तिच्या खोलीत आहे. रात्री बंद करावा का?
– एक आई, दादर

उत्तर : घरच्या राउटरची रेडिओची ताकद साधारण एका वॉटच्या दहाव्या हिश्शाएवढी असते आणि अंतर वाढलं की ती झपाट्याने विरते. या लहरी एक्स-रे सारख्या पेशींतले रेणू तोडणाऱ्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये सगळ्याच रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं, ते मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाइलच्या अभ्यासांवरून. वाय-फायने अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरीही मनाला घोर लागत असेल तर राउटर पलंगापासून दोन-तीन मीटरवर न्या. रेंजला काही होणार नाही आणि तिला झोपही शांत लागेल. मी तुमच्या घरी असते तर राउटरपेक्षा उशाशी चार्जिंगला लावलेला फोन आधी हलवला असता.

प्रश्न : वाय-फाय ७ चा राउटर आत्ताच घेऊन ठेवू का?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : तुमचा फोन कितवा आहे? वाय-फायच्या पिढ्यांना हे ४, ५, ६ आकडे २०१८ पासून सोयीसाठी आले. वाय-फाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून मिळायला लागली. राउटर सातवा आणि फोन पाचवा असेल तर दोघं पाचव्याच्याच भाषेत बोलतात. १०० ते ३०० च्या प्लॅनला १००० चे जॅक असलेला वाय-फाय ६ चा राउटर भरपूर होतो.

प्रश्न : आईबाबा माहीमला एकटे असतात. त्यांच्याकडे कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर बसवला. पूर्वी मी ऑफिसमधून बघू शकत होतो. कंपनी बदलल्यापासून घरात दिसतं, बाहेरून दिसत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग पुन्हा पुन्हा तपासलं.
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : तुमचं सेटिंग बरोबर असणार. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून थेट डीव्हीआरकडे जायला उघडलेलं दार. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल तर तो खरा बाहेरचा पत्ता नाही. जगात जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आले, म्हणून कंपन्या कित्येक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतात. त्यांच्या आतल्या वाटपासाठी हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. तुम्ही आईबाबांच्या राउटरचं दार उघडलंत, पण त्याच्या पुढे कंपनीचं आणखी एक दार आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे नाही.

दोन वाटा आहेत. कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमच्या घरासाठीचा न बदलणारा बाहेरचा पत्ता, मागायचा. त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. किंवा डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये पीटूपी किंवा क्लाउड सुरू करून त्याचा क्यूआर कोड ॲपने स्कॅन करायचा. यात डीव्हीआर स्वतः आतून बाहेर फोन लावतो, म्हणून कंपनीचं दार आड येत नाही. तुमच्या गरजेला दुसरी वाट पुरेशी आहे.

ती सुरू केलीत की जुनं पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका. आणि डीव्हीआरचा पासवर्ड आजच बदला. बसवणाऱ्याने ॲडमिन आणि १२३४५६ ठेवून दिलेलं असतं, आणि असे पासवर्ड शोधत इंटरनेटवर यंत्रं रात्रंदिवस फिरत असतात. तुमच्या आईबाबांची बैठकीची खोली परक्या माणसाला दिसू शकते, म्हणून हे उद्यावर टाकू नका. राउटरचं डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची सोय, बंद करा, वाय-फायच्या सुरक्षेला डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडलंय ना ते बघा. नवा पासवर्ड बाबांच्या फोनमधल्या ॲपमध्येही टाका आणि माहीमहून निघण्याआधी त्यांच्या फोनचं वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर चित्र येतंय ना ते बघा.